राईतली गाडी

माझी पहिली मोटारसायकल नसरापूरला चोरीला गेली, आणि गेली ती मी तिच्यापासून हाकेच्या अंतरावर बसलेलो असताना. मी वजनकाटे दुरुस्त करतो. किराणा दुकानं, दुधाच्या डेऱ्या, भाजीवाले, खताची दुकानं, भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत जिथं म्हणून काही तोललं जातं तिथं कधी ना कधी मी जाऊन आलेलो आहे. त्या दिवशी एका काट्याची आतली तार सुटली होती. ती जोडून होईपर्यंत मी मान वर केली नाही. केली तेव्हा गाडीच्या जागी वडापची, माणसं भरून नेणारी रिक्षा उभी होती. रिक्षावाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "हितं कुठं गाडी व्हती? म्या आलो तवा जागा रिकामीच व्हती." त्याचं काही चुकलं नव्हतं, पण मला त्याचा इतका राग आला की मी त्याच्या रिक्षात बसलो नाही, भोरला एसटीनं आलो.

चोरी झाली की वस्तू जाते हे खरं, पण त्याहून वाईट म्हणजे माणसाची नजर बदलते. पुढं कित्येक महिने मला रस्त्यावर माणसं दिसत नव्हती, फक्त नंबरप्लेटा दिसत होत्या. काळी गाडी दिसली की मी तिच्या मागे जायचो. दुधानं तोंड पोळलं की ताकसुद्धा फुंकून पितात म्हणतात. मी पाणीही फुंकून प्यायला लागलो.

दुसरी गाडी घेतली तेव्हा तिच्याबरोबर तीन कुलपं आली. हँडलचं कुलूप तर गाडीला असतंच. मागच्या चाकात मी जाड चेन अडकवायचो. आणि कुठंही थोडा जास्त वेळ थांबायचं असेल तर प्लगची कॅप उपसून खिशात टाकायचो, म्हणजे कुलपं तोडली तरी गाडी सुरू व्हायची नाही. सारोळ्याला पुलाजवळ मिसळ खायला बसलो तरी खुर्ची फिरवून गाडीकडे तोंड करून बसायचो. वेल्ह्याला भाच्याच्या लग्नात मी मांडवाबाहेर गाडीजवळ उभा राहून अक्षता टाकल्या. त्या नवरानवरीपर्यंत काही पोचल्या नाहीत, पुढच्या एका म्हाताऱ्याच्या फेट्यावर पडल्या. बायको म्हणाली, "पुढच्या लग्नात गाडीलाच आहेराचं घेऊन आत बसवा." मी ऐकून घेतलं. ज्याचं जळतं त्याला कळतं.

बायकोचं माहेर हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, डोंगरात. रस्ता खाली देवीच्या देवळापाशी संपतो आणि तिथून पुढं पायवाटेनं चढायचं. भात कापून झालं की दरवर्षी आम्ही झोडणीला जातो. जावयानं झोडणीला जायचं असा काही रिवाज नाही, पण सासऱ्यांना मी मामा म्हणतो आणि मामांची माझी पहिल्यापासून गट्टी आहे. माझे वडील मी लहान असताना गेले. मला "जेवलात का" असं रोज विचारणारा पुरुष मामांच्या आधी माझ्या आयुष्यात नव्हता, हे मी बायकोलाही कधी नीट सांगितलेलं नाही.

त्या वर्षी बायको दोन दिवस आधीच गेली होती. मी काम उरकून मागून निघालो. एरवी मी गाडी देवळाच्या अलीकडच्या एका घराच्या पडवीत लावायचो. पण त्या दिवशी घराला कुलूप होतं, सगळे खळ्यावर गेलेले. आणि रस्त्याच्या कडेला केबलसाठी चर खणणारी माणसं उतरली होती. बाहेरची माणसं, ताडपत्रीची पालं, एक टेम्पो. त्यातल्या एकानं माझ्या गाडीकडे पाहून "चांगली ठेवलीय" असं म्हटलं. साधं बोलणं होतं. मला मात्र ते चोराच्या तोंडचं वाटलं. रात्रभर गाडी या लोकांच्या शेजारी ठेवायची हे मला शक्यच नव्हतं.

देवळाच्या मागे देवीची राई आहे. गर्द, जुनी. तिच्याबद्दल बायकोनं मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगितलं होतं: राईतली काडी बाहेर जात नाही. वादळात पडलेलं झाड तिथंच कुजतं, गावातल्या बायका मैलभर लांबून मोळ्या आणतात पण त्या झाडाला हात लावत नाहीत. आत जाऊन आलेली बाई बाहेर पडताना केसांत अडकलेलं पानसुद्धा काढून मागे टाकते. मला त्या वेळी या सगळ्याचं हसू आलं होतं. त्या संध्याकाळी ते आठवलं आणि वाटलं, दोन्ही तालुक्यांत याहून भक्कम कुलूप नाही. मी गाडी ढकलत राईत नेली, एका मोठ्या वडाच्या आड लावली, चेन अडकवली, प्लगची कॅप खिशात टाकली आणि शीळ घालत डोंगर चढलो.

जेवताना मी ते फुशारकीनं सांगितलं. मामांचा हातातला घास तसाच राहिला.

"पाव्हणं, कुठं ठिवली म्हनालात?"

"राईत. वडामागं."

"वडाच्या अलीकडं का पलीकडं?"

"पलीकडं. म्हणजे रस्त्यावरून दिसायला नको."

मामांनी घास ताटात ठेवला. बायको माझ्याकडे पाहतच राहिली. मेहुणा माझ्याहून लहान, मला दाजी म्हणतो. तो हसू दाबायला बघत होता पण त्याला ते जमेना. मग मला समजावून सांगितलं गेलं. वडापलीकडं जे नेऊन ठेवलं ते देवीला वाहिलं. तिथली काडी बाहेर जात नाही, मग गाडी कशी जाईल? काढायची तर गुरवानं कौल लावायचा. देवीनं उजवा दिला तर न्यायची, डावा दिला तर नाही.

"असं कुणाचं काही राहिलंय का आत?" मी विचारलं.

"कुनी ठिवतंच न्हाई," मामा म्हणाले. "तुमीच पयले." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "उद्या सांजच्याला गुरवाला गाठू. देवी काय आपल्या वाईटावर न्हाई. जेवा."

मी जेवलो, पण मला मनातून संताप आला होता. माझ्या नावावरची गाडी, माझ्या हातानं लावलेली, आणि ती परत घ्यायला मी एका दगडाची परवानगी मागायची. हे मी तोंडानं बोललो नाही एवढंच. बायकोला ते न बोलता कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यावर झोडणी चालू झाली. मामा पेंढ्या उचलून देत होते, मी आणि मेहुणा फळीवर आपटत होतो. ऊन चढलं. मामांनी ढिगाच्या तळची पेंढी ओढली आणि हात झटकला. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "डसलं." पेंढीतून ते वितभर जनावर खाली पडलं आणि अंगाची वळी घासत करकर आवाज करायला लागलं. फुरसं. ते ओळखायला तिथं कुणाला शिकवावं लागत नाही. भात काढणीच्या दिवसांत त्याच्यामुळे गेलेली माणसं प्रत्येक वाडीला ठाऊक असतात. ते लगेच मारत नाही. माणूस बोलत असतो, चालत असतो, आणि आत रक्त पातळ होत जातं. इंजेक्शन भोरला.

मेहुणा फोन घेऊन वरच्या टेपाडाकडे पळाला, तिथंच काय ती रेंज येते. त्या दिवशी तीही नव्हती. वाडीतली पोरं कामाला पुण्याला, शिरवळला. त्यांच्या गाड्या त्यांच्याबरोबर. हिर्डोशीची जीप सकाळीच भोरला जाते, आणि चर खणणाऱ्यांचा टेम्पोही सकाळीच माल आणायला गेलेला वरून दिसला होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या डोंगराच्या पायथ्याशी एकच गाडी होती.

"मी पुढं होऊन काढतो," मी म्हणालो. "तुम्ही मामांना घेऊन या. मध्ये बसवून नेऊ."

मी उतार कसा उतरलो ते मला आठवत नाही. पायाची चप्पल एका जागी राहिली ती राहिलीच. गुरव देवळाच्या ओट्यावर होता. मी धापा टाकत सांगितलं. तो वाईट माणूस नाही, हे मला आज म्हणता येतं. त्यानं "आत्ता नको, सांजच्याला या" असं काही म्हटलं नाही. लगेच हात धुतले, देवीला पाणी घातलं, तांदळाचे दोन दाणे ओले करून पाषाणाला दोन बाजूंना चिकटवले आणि डोळे मिटून पुटपुटला. मी दाण्यांकडे पाहत राहिलो. आयुष्यभर मी काट्याचा तोल पाहत आलोय, पण कुठल्याही काट्याकडे मी असा पाहिलेला नाही.

डावा दाणा पडला.

"परत लावा," मी म्हणालो. त्यानं परत लावला. परत डावा.

"परत."

"तिला सारखं इचारायचं नसतं, पाव्हणं," गुरव म्हणाला. त्याचा स्वर रडवेला होता.

मग माझा तोल गेला. माणूस मरतोय, म्हणालो. ती माझी गाडी आहे, माझ्या नावावर आहे, म्हणालो. त्यानं मान हलवली आणि हळूच म्हणाला, "तुमचीच व्हती. आत तुमीच ठिवली."  मी राईत शिरलो.

आत सावली होती आणि गाडी जशीच्या तशी होती. कुणी हात लावलेला नव्हता, सीटवर चार पानं पडली होती तेवढीच. प्लगची कॅप बसवायला गेलो तर ती बसेना. एरवी डोळे मिटून बसवतो. किल्ल्यांचा जुडगा हातातून निसटून पाचोळ्यात गेला. मी गुडघ्यावर बसून पाचोळा उकरायला लागलो. माझ्या कुलपांनी मला असं कोंडून घातलं होतं. चोराला जेवढा वेळ लागावा म्हणून मी एवढा खटाटोप केला होता, तेवढा वेळ मला लागत होता. किल्ली सापडली. चेन निघाली. मी हँडल धरून गाडी वडाच्या अलीकडं ओढली तेव्हा समोर बायको उभी होती.

तिच्या मागे रस्त्यावर घोंगड्याची झोळी बांबूला अडकवून चार माणसं मामांना घेऊन आली होती.

"कौल काय आला?" तिनं विचारलं.

मी हँडल घट्ट धरलं. तिनं गुरवाकडे पाहिलं आणि तिला कळलं.

"हात काढा," ती म्हणाली.

"तुझे वडील मरतील."

"हात काढा म्हणते ना. तिनं न्हाई म्हटल्यावर तिच्या दारातनं चोरून न्यायची? आन त्या गाडीवर माझ्या बापाला बसवायचं?" भोरला इतकी वर्षं राहून ती माझ्यासारखीच बोलते, पण त्या वेळी तिच्या तोंडून माहेरची भाषा निघाली. "चोरून नेलेल्या गाडीवर माणूस जगत न्हाई."

चोरून. मला कुणीतरी थोबाडीत मारावी तसा तो शब्द लागला. ज्या शब्दाच्या भीतीनं मी कित्येक वर्षं नीट जेवलो नव्हतो, तो माझ्यावरच आला होता. मी तिच्यावर ओरडलो. अडाणी म्हणालो, तिच्या देवीलाही नको ते बोललो. ती रडत होती पण बाजूला होत नव्हती. तिला ढकलून गाडी नेण्याची माझी तयारी झालेली होती, हे सांगितलं पाहिजे.

तेवढ्यात झोळीतून मामा बोलले. आवाज साधा, रोजचाच.

"पाव्हणं, ऱ्हाऊ द्या. म्या त्या गाडीवर बसायचा न्हाई."

"मामा, वेळ नाही."

"न्हाई तर न्हाई. तिची गाडी तिला द्या. मला खांद्यावर नेववंल तितकं न्या."

हे बोलताना त्यांच्या हिरड्यांतून रक्त आलं होतं, दात लाल दिसत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ज्याच्यासाठी न्यायची तोच बसणार नाही म्हटल्यावर त्या गाडीचं मी काय करणार होतो? मी ती मागे ढकलली, वडाच्या पलीकडं. होती तिथं लावली. का कुणास ठाऊक, चेनही परत अडकवली. हाताला सवय, दुसरं काय. आणि मग मी, ज्यानं घरातल्या देवालाही कधी मनापासून हात जोडलेला नाही, त्या वडापाशी उभा राहून मोठ्यानं म्हणालो, "ठेव. गाडी ठेव तू. माणूस दे."

मग मी बांबूला खांदा दिला.

हिर्डोशीच्या दिशेनं आम्ही निघालो. माणूस अंगानं हलका असला तरी झोळीत जड होतो. मेहुणा पुढं, मी मागं, माझ्या अनवाणी पायाखाली डांबर तापलेलं. बायको मामांचं तोंड पदरानं पुसत चालत होती आणि दर वेळी पदर लाल होत होता. मी चालत होतो आणि मनात हिशेब येत होता की गाडीवर असतो तर आत्ता वाटेवरच्या धरणाच्या कडेला पोचलो असतो, आत्ता त्याच्याही पुढं गेलो असतो. आशा अशी काही उरली नव्हती. मी चालत होतो कारण थांबलो तर खाली ठेवावं लागलं असतं. मामा एकदा म्हणाले, "खांदा बदला, पाव्हणं, दुखंल." मला रडू फुटलं आणि मी ते आवरलंही नाही.

समोरून टेम्पो आला. चर खणणाऱ्यांचा. त्यात केबलची भलीमोठी रिळं होती. आम्ही हात करायच्या आधीच तो थांबला. माझ्या गाडीला चांगली म्हणणारा कालचाच माणूस खाली उतरला, झोळीत डोकावला आणि मागे वळून बाकीच्यांना काहीतरी ओरडला. त्यांनी मागचा फाळका पाडला आणि एकेक रीळ ढकलून रस्त्याच्या कडेला खाली घेतलं. सगळा माल. तिथं त्याच्याजवळ कुणी थांबलं नाही, त्यावर साधी ताडपत्रीही टाकली नाही. तसाच उघड्यावर टाकला, मामांना वर घेतलं आणि टेम्पो भोरकडे वळवला. मी त्या माणसाला म्हणालो, "माल?" तो म्हणाला, "असू दे हो. कोण नेतंय."

भोरच्या दवाखान्यात मामांना एकामागून एक इंजेक्शनं दिली. बरेच दिवस त्यांच्या लघवीतून रक्त जात होतं, आणि बरेच दिवस आम्ही डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत बाहेरच्या बाकावर बसून काढले. बायको आणि मी एकमेकांशी जेवणाखाणापुरतं बोलत होतो. मग एका सकाळी मामांनी मला विचारलं, "जेवलास का?" पाव्हणं नाही, जेवलात नाही. तेव्हा मी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

मामा आहेत. उजव्या हाताचं एक बोट वाकत नाही, पण पेंढ्या उचलतात, आधी काठीनं ढवळून. गाडी राईतच आहे. मी आता एसटीनं हिंडतो, अवजारं पिशवीत घालून. लोकांना वाटतं गाडी परत चोरीला गेली, मी तसंच सांगतो. खरं सांगायला गेलो तर तासभर जातो.

या झोडणीला गेलो तेव्हा गुरव वाटेत भेटला. आपण होऊन कौल लावला होता म्हणाला. उजवा आला. "घिऊन जावा, पाव्हणं. तिचं काय म्हननं न्हाई आता."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "जा की, आणा. किल्ली खिशातच असते की तुमच्या."

असते, खरं आहे. मी राईत गेलो. वडापलीकडं गेलो. टायर बसले होते, सीट फाटून आतला स्पंज दिसत होता, चाकातून एक वेल वर चढली होती. मी बराच वेळ तिथं उभा राहिलो. वर डोंगरातून खळ्यावरचा आवाज येत होता, फळीवर पेंढी आपटल्याचा, आणि मध्येच मामांची कुणाला तरी मारलेली हाक. मी किल्ली खिशातून काढलीच नाही. बाहेर येऊन गुरवाला म्हणालो, "राहू दे. तिथंच ठीक आहे."

"तुमचा तर विश्वास नाही ना?" बायको म्हणाली.

"नाही," मी म्हणालो.

 माझ्या शर्टाच्या बाहीला चिकटलेलं पान तिनं काढलं आणि मागे राईत टाकलं. आत असताना मी एकच गोष्ट केली होती आणि ती तिला सांगितली नाही. निघण्याआधी मी खाली वाकून चाकातली चेन ओढून पाहिली होती. पक्की होती. कुणी नेणार नाही.